ईदची टोपी: क्रोशाने विणावी की तयार घ्यावी?

भुसावळच्या एका काकूंना तिघा नातवंडांसाठी ईदच्या टोप्या हव्या आहेत. घरी विणाव्यात की बाजारातून आणाव्यात, हे त्यांचे ठरत नाही.

पैशांचा फरक फारसा नाही, कारण सुती दोऱ्याची एक गुंडी आणि साधी तयार टोपी या दोन्ही गोष्टी परवडणाऱ्याच आहेत. खरा खर्च वेळेचा असतो. टोपी माथ्यावरच्या लहानशा कड्यापासून सुरू होते आणि माथा पुरेसा रुंद होईपर्यंत प्रत्येक फेरात टाके वाढवत न्यावे लागतात. ते कमी पडले तर टोपी वाटीसारखी आवळते, जास्त झाले तर कडेला झालर पडते. रोजाच्या दिवसांत सहरी आणि इफ्तारीचा स्वयंपाक सांभाळून हे काम दुपारीच होते, म्हणून ते रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यातच हाती घेतलेले बरे.

टिकण्याच्या बाबतीत हातची टोपी सरस ठरते. दोरा तुटला तरी तेवढाच भाग सांधता येतो आणि मुलाचे डोके वाढले तर खालचे फेर उसवून तोच दोरा पुन्हा वापरता येतो. नायलॉनची टोपी लवकर वाळते, पण घाम शोषत नाही आणि खानदेशात मार्चमध्येही ऊन चांगलेच तापते. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने ईद हळूहळू हिवाळ्याकडे सरकेल, तेव्हा हा मुद्दा उरणार नाही.

टोप्या हरवणाऱ्या लहानग्यांना तयार टोपी पुरे. नेमाने नमाज पढणाऱ्या मोठ्या नातवासाठी मात्र विणलेलीच करावी.