अश्वगंधा आणि कवचबीज: बीपीची गोळी चालू असताना घेतलेला अनुभव

पन्नाशी ओलांडलेली, बीपी आहे आणि लिंगाची ताठरता कमी झाल्याचा विषय कुणाकडे काढायची लाज वाटते, अशांसाठी लिहितोय. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर हे चूर्ण सुरू केलं, ते इकडे देवगडात कलमं मोहरली तरी चालू होतं.

सुरुवात मात्र रक्ततपासणीने झाली. घरातून हुकूमच सुटला, "आदी रगत तपासून येवा, मगे काय ता चूर्ण खावा." बरोबरच होतं. ताठरता कमी होणं ही पुष्कळदा मधुमेहाची नाहीतर रक्तवाहिन्या अरुंद होत चालल्याची पहिली खूण असते. तिथल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, म्हणून तक्रार तिथे आधी येते, छातीत दुखणं मागाहून. डॉक्टरांनी शुगर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, लिव्हर सगळं बघितलं. वैद्यांनी बीपीच्या गोळीची चिठ्ठी वाचली आणि मगच मात्रा ठरवली.

कवचबीज म्हणजे आपल्या गडग्यावर चढणारी खाजकुयली. शेंगेवरची लव अंगाला लागली की माणूस नाचतो, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. फुकट मिळतं म्हणून बिया आणून घरी कुटू नका. त्यांत लेव्होडोपा असतं, कंपवातावर देतात तेच. वैद्य बिया दुधात शिजवतात, साल सोलून वाळवतात, मग दळतात. मात्रा वाढली तर मळमळ, डोकेदुखी, उठताना अंधारी. कंपवाताच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नये.

आता फरकाचं. पहिले काही आठवडे काहीच नाही. मग झोप सुधारली, सकाळी उठताना अंग हलकं वाटू लागलं. नवरात्र उलटल्यावर मूळ तक्रारीतही फरक जाणवला. तरुणपण परत आलं असलं काही नाही, पण धास्ती गेली. यात चूर्णाचा वाटा किती आणि तंबाखू सोडून रोज किनाऱ्यावर चालल्याचा किती, देव जाणे. मला तर चालण्याचाच जास्त वाटतो. त्रास म्हणाल तर दुधातून घेतलं की पोट जड व्हायचं, म्हणून कोमट पाण्यावर आलो. अश्वगंधेने सुस्ती येते, त्यामुळे ती रात्रीच. काही जणांच्या लिव्हरला ती बाधते आणि थायरॉइडचं प्रमाण वाढवू शकते, म्हणून मध्ये पुन्हा रक्त तपासलं. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी बंद.

आपल्या हवेचं एक दुखणं वेगळंच. श्रावणात डबा उघडला तर चूर्णाच्या गुठळ्या आणि कुबट वास. सरळ फेकलं. तेव्हापासून काचेची बाटली, घट्ट झाकण, कोरडा चमचा, आणि थोडं थोडंच आणायचं.

खरी भीती वेगळ्याच मालाची. जत्रेत नाहीतर मोबाइलवर 'शंभर टक्के वनस्पती, अर्ध्या तासात परिणाम' म्हणून विकतात तो. झाडाची मुळी इतक्या लवकर काम करत नाही. अर्ध्या तासात करते ती सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्राच्या गोळीतलं औषध, आणि अशा कॅप्सूलमध्ये ती गुपचूप मिसळलेली कितीतरी देशांत सापडली आहे. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली गोळी ठेवणाऱ्याने अशी कॅप्सूल घेतली तर बीपी एकदम कोसळतं, जिवावर बेततं. आफ्रिकेतल्या योहिम्बे झाडाच्या सालीचा उलटा प्रकार: बीपी आणि ठोके वाढतात. लेबलवर परवाना क्रमांक, बॅच, मुदत, घटक नसतील तर ठेवून द्या. खरं तर लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. भिंती बघितल्या तर कुणाला पटणार नाही, ते सोडा.

पाचपैकी तीन स्टार. एक कापला चवीसाठी, एक दरासाठी. सध्या वैद्यांनी थांबवायला सांगितलंय. मशीनवर बीपी होतं तिथेच आहे, चालणं चालू आहे.