जुन्या बाजारातून घेतलेला सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लस

पुण्याच्या मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, पितळी समया, गंजलेली कुलपे आणि फोनचे चार्जर मांडलेल्या एका पथारीवर, मला गेल्या हिवाळ्यात सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस हा टीव्हीला जोडायचा, कीबोर्डच्याच डब्यात बसवलेला जुना घरगुती संगणक मिळाला. पथारीवाल्याने अडीच हजार सांगितले, घासाघीस होऊन सौदा दीड हजारांवर ठरला आणि पैसे घेण्याआधी त्याने स्पष्ट सांगितले, "दादा, चालू-बंदची गॅरंटी नाही, काय ते आत्ताच बघून घ्या." या एका वाक्यामुळे माझा त्याच्यावर विश्वास बसला. त्याआधी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून असाच संगणक "उत्तम चालू स्थितीत" म्हणून घेतला होता आणि तो मला दाखवण्यासाठी त्याने वायफायच्या डब्याचा अ‍ॅडॉप्टर लावला होता. त्या अ‍ॅडॉप्टरने काय केले ते पुढे येईलच.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख आवश्यक आहे. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीने पहिला स्पेक्ट्रम एप्रिल १९८२ मध्ये आणला. त्यात झेड८०ए हा ३.५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि १६ किलोबाइट रॉम (कायमची मेमरी) होती, तर रॅम (कामाची मेमरी) १६ किंवा ४८ किलोबाइट मिळत असे. त्याच्या रबरी बटणांबद्दल तक्रारी होत्या, म्हणून १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने टणक बटणांचा आणि डाव्या कडेला रीसेटची कळ असलेला प्लस काढला. आतला संगणक मात्र तोच राहिला. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन डीबी स्पेक्ट्रम प्लस या नावाने तो विकला, त्यामुळे आपल्याकडच्या माळ्यांवरून आणि भंगारातून हे यंत्र अजूनही अधूनमधून बाहेर पडते. मला मिळालेला नग ब्रिटनमध्ये बनलेला आहे.

बाजारात वीज मिळत नाही, त्यामुळे परीक्षा डोळ्यांनी आणि नाकानेच करावी लागते. मी मागच्या बाजूची जोडणीची सोनेरी पट्टी पाहिली. ती हिरवी पडलेली असती, तर यंत्राने अनेक पावसाळे ओलीत काढले असे समजून मी परत फिरलो असतो. पट्टी स्वच्छ होती, स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या नव्हत्या, म्हणजे कोणी वारंवार उघडझाप केलेली नव्हती, आणि हवेच्या फटींपाशी जळक्याचा वास नव्हता. एवढ्या तीन गोष्टी अनुकूल असतील तर दीड हजार रुपये ही रास्त किंमत आहे, असे माझे मत आहे. "चालू आहे" या नुसत्या शब्दासाठी मात्र एक रुपयाही जास्त देऊ नये.

आता अ‍ॅडॉप्टरविषयी, कारण भारतात मिळणारे बरेचसे स्पेक्ट्रम मरतात ते याच कारणाने, असे मला आलेल्या अनुभवावरून वाटते. या यंत्राला ९ व्होल्ट लागतात, पण त्याच्या गोल पिनेचा मधला भाग ऋण आणि बाहेरचे कडे धन असते. आपल्या घरांत वायफायच्या डब्यांचे वगैरे जे अ‍ॅडॉप्टर पडलेले असतात, त्यांत हे नेमके उलट असते आणि पिन मात्र अगदी बेमालूम बसते. उलट जोडणी झाली की बोर्डावरचा वीज रूपांतर करणारा छोटा ट्रान्झिस्टर जातो. रॅमच्या पहिल्या (खालच्या) १६ किलोबाइटसाठी असलेल्या ४११६ जातीच्या आयसींना (चिपना) तीन वेगवेगळी व्होल्टेज लागतात: उणे ५, अधिक ५ आणि अधिक १२. त्यांतील उणे ५ नाहीसे होऊन १२ चालू राहिले, तर त्या आयसीही मागोमाग निकामी होतात. माझ्या आधीच्या यंत्राचे हेच झाले, आणि दाखवणाऱ्याला आपण काय केले याची कल्पनाही नव्हती. म्हणून विक्रेता यंत्र चालवून दाखवायला निघाला, तर आधी त्याच्या अ‍ॅडॉप्टरवर छापलेले चिन्ह पाहावे आणि शंका असेल तर त्याला नम्रपणे थांबवावे. मी वाद्यांच्या दुकानातून इलेक्ट्रिक गिटारच्या पेडलसाठी मिळणारा ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर घेतला, कारण त्या पेडलांनाही मधला भाग ऋणच लागतो. तो किमान एक अँपिअरचा असावा आणि लावण्याआधी मल्टिमीटरने पडताळून घ्यावा. मला तो सहाशे रुपयांना पडला.

वीज देण्याआधी यंत्र उघडून मी ५ आणि १२ व्होल्टच्या रेषा ग्राउंडशी शॉर्ट तर नाहीत ना हे तपासले आणि वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले. त्याला अडीचशे रुपये आणि एक दुपार लागली. मग टीव्ही जोडला. मूळ रचनेत चित्र अँटेनाच्या तारेने, यूएचएफच्या ३६ व्या चॅनेलवर जाते. अ‍ॅनालॉग ट्यूनर असलेल्या टीव्हीवर ते आजही दिसते, पण धूसर आणि मुंग्या आल्यासारखे. पत्र्याच्या डबीतील मॉड्युलेटर (अँटेनासाठी संकेत बनवणारा भाग) बाजूला सारून बोर्डावरचा व्हिडिओ संकेत थेट त्याच सॉकेटवर आणला की टीव्हीच्या पिवळ्या एव्ही जोडणीत स्वच्छ चित्र मिळते. ज्याला सोल्डरिंग येते त्याचे हे वीस मिनिटांचे काम आहे. आवाज टीव्हीत येत नाही म्हणून घाबरू नये. तो यंत्राच्या पोटातल्या लहानशा स्पीकरमधूनच येतो.

पडदा क्षणभर काळा होऊन पांढरा झाला आणि तळाशी १९८२ सालची सिंक्लेअर रिसर्चची ओळ उमटली. अनेक विक्रेते या ओळीचे छायाचित्र काढून "टेस्टेड" म्हणून लावतात आणि खरेदीदारही त्यावर समाधान मानतात. ते पुरेसे नाही. ४८ किलोबाइटच्या यंत्रात वरचे ३२ किलोबाइट पूर्ण बंद असले तरी तो १६ किलोबाइटचे यंत्र म्हणून सुखाने सुरू होतो आणि तीच ओळ दाखवतो. मेमरी किती सापडली हे पाहायचे असेल, तर पीक आज्ञेने मेमरीतल्या २३७३२ आणि २३७३३ या पत्त्यांवरचे आकडे वाचावेत आणि दुसऱ्याला २५६ ने गुणून पहिल्यात मिळवावे. उत्तर ६५५३५ आले तर सर्व ४८ किलोबाइट मोजले गेले आहेत. माझ्याकडे उत्तर ३२७६७ आले, म्हणजे यंत्राला फक्त १६ सापडले होते.

हा दोष शोधण्याची रीत मला फार आवडली, कारण त्यासाठी कोणतेही महागडे उपकरण लागले नाही, यंत्रालाच विचारता आले. पोक आज्ञेने ४०००० या पत्त्यावर शून्य ठेवले आणि परत वाचले, तर १६ आले. दुसऱ्या पत्त्यावर शून्य ठेवले, तिथेही १६. तिसऱ्यावर ४ ठेवले, तर २० आले. म्हणजे आठ बिटांपैकी १६ किमतीचा एकच बिट सतत १ वर अडकला होता, आणि वरच्या मेमरीत प्रत्येक बिटाला स्वतंत्र आयसी असल्यामुळे आठांपैकी नेमकी कोणती आयसी दोषी आहे हे कागदावरच ठरले. मूळ ४५३२ जातीच्या आयसी आता सहज मिळत नाहीत, परंतु त्या मुळात अर्धाच भाग चांगला निघालेल्या ६४ किलोबिटच्या आयसी होत्या, त्यामुळे तिथे पूर्ण ४१६४ चालते. ती मला पुन्हा जुन्या बाजारातच, पीसी एक्सटी या जुन्या संगणकाच्या एका मोडक्या मेमरी कार्डावर मिळाली; अख्ख्या कार्डाचे एकशेवीस रुपये दिले आणि राहिलेल्या आयसी पुढच्या दुरुस्तीसाठी डबीत ठेवल्या आहेत. जुनी आयसी काढून तिच्या जागी सॉकेट बसवले, नवी खोचली, वीज दिली आणि तेच गणित पुन्हा केले. ६५५३५ हा आकडा पाहून मी रात्री साडेअकराला घरच्यांना उठवले होते.

इथे एक तांत्रिक खबरदारी सांगितली पाहिजे. सुरू होताना यंत्र प्रत्येक जागेत फक्त २ हा आकडा ठेवते आणि त्यातून दोनदा १ वजा होतो की नाही एवढेच पाहते. वरचा एखादा बिट शून्यावर अडकला असेल, तर तो या परीक्षेत उत्तीर्ण होतो आणि मोठा प्रोग्राम चालवताना अचानक यंत्र गोठते. म्हणून ६५५३५ आले तरी थांबू नये. चार ओळींचा प्रोग्राम लिहून वरच्या ३२ किलोबाइटमधल्या जागांत आधी ० आणि मग २५५ ठेवून वाचून पाहावे.

कीबोर्ड हा या यंत्राचा सर्वांत कमकुवत भाग आहे आणि खर्चाचा मोठा वाटा त्यावरच गेला. बटणांखाली प्लास्टिकची पातळ मेम्ब्रेन असते आणि तिच्या दोन पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात, एक पाच रेषांची आणि दुसरी आठ रेषांची. चाळीस वर्षांत हे प्लास्टिक कडक होते आणि झाकण उघडताना जरा ओढ बसली की रेषा तुटते. माझ्या यंत्रात ए, एस, डी, एफ आणि जी ही सलग पाच बटणे एकदम मेलेली होती. सलग पाच गेली की आठ रेषांच्या पट्टीतली एक तुटली असे निश्चित समजावे. नव्या मेम्ब्रेन आजही तयार होतात, पण परदेशातून मागवाव्या लागतात आणि टपालखर्च व सीमाशुल्क धरून मला तेवीसशे रुपये मोजावे लागले. खरेदीच्या वेळी हा खर्च गृहीत धरूनच किंमत बोलावी, मग बटणे चालत असोत वा नसोत, कारण आज चालणारी जुनी मेम्ब्रेन पुढच्या वर्षी चालेलच असे नाही.

मूळ किंमत दीड हजार आणि वरचे सर्व सुटे भाग मिळून एकूण ४,७७० रुपये आणि चार रविवार लागले.

या पैशांत काय मिळाले? चालू केल्यापासून दोन सेकंदांत आज्ञा घ्यायला तयार होणारा संगणक मिळाला. प्रोग्राम मुळात कॅसेटवरून चढवायचे असले, तरी कॅसेट प्लेअर नसला म्हणून अडत नाही, फोनच्या हेडफोन सॉकेटमधून यंत्राच्या 'ईअर' सॉकेटला तार जोडून प्रोग्रामची ध्वनिफाइल वाजवली की प्रोग्राम चढतो. पडद्याच्या कडेला आधी तांबडे-आकाशी जाड पट्टे सरकतात, मग निळे-पिवळे बारीक पट्टे सळसळू लागतात, आणि मोठा प्रोग्राम असेल तर पाचेक मिनिटे हे चालते. माझ्या दहा वर्षांच्या पुतणीने ते पट्टे पाहून विचारले, "काका, हा आवाज म्हणजेच प्रोग्राम आहे का?" आणि मला उत्तर म्हणून फक्त हो म्हणायचे होते. फोनवर याच यंत्राची नक्कल फुकट चालवता येते हे खरे आहे, पण तो प्रश्न तिला तिथे पडला नसता.

तिच्याबरोबर मी त्यावर देवनागरी अक्षरे काढली. या संगणकात वापरणाऱ्याला स्वतःची २१ अक्षरे घडवता येतात. प्रत्येक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांचे असते आणि प्रत्येक ओळ शून्य-एकच्या आठ आकड्यांनी सांगायची असते. पहिली ओळ आम्ही सगळ्या अक्षरांना आठही एक अशी दिली. शेजारशेजारच्या चौकोनांत फट नसल्यामुळे म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी ओळीने छापल्यावर वरची रेघ अखंड जोडली गेली आणि "मराठी" हा शब्द शिरोरेघेसकट उभा राहिला. वेलांटीच्या गाठीला आठ ठिपके फार कमी पडतात, तिथे तिने तीन वेळा खाडाखोड केली.

उणिवाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. आठ बाय आठच्या एका चौकोनात दोनच रंग राहू शकतात, त्यामुळे खेळांत एक आकृती दुसरीवरून गेली की रंग एकमेकांत सांडतात. आज्ञा अक्षरांनी न लिहिता एकेका बटणावर ठरलेल्या असल्यामुळे पहिला आठवडा बटणे शोधण्यात जातो. यंत्र तापते: ९ चे ५ व्होल्ट करताना उरलेली वीज, साधारण पावणेतीन वॅट, केवळ उष्णता बनून आतल्या धातूच्या पत्र्यावर जाते. मी हे काम करणाऱ्या जुन्या रेग्युलेटरच्या जागी कमी तापणारा स्विचिंग प्रकारचा बसवण्याचे ठरवले आहे, तोवर सलग तासाभरापेक्षा जास्त चालवत नाही.

ज्याला सोल्डरिंग येत नाही आणि शिकायचेही नाही, त्याने हे यंत्र जुन्या बाजारातून घेऊ नये. दुरुस्त केलेला नग चार-पाच हजार जास्त देऊन एखाद्या संग्राहकाकडून घ्यावा. ज्याला शिकायचे आहे, त्याला मात्र मी हेच सुचवीन. १९८४ पासून क्लास या सरकारी संगणक-शिक्षण प्रकल्पात आपल्या शाळांना मिळालेला बीबीसी मायक्रो हा त्याच काळातला संगणक मला अधिक सुबक वाटतो, पण त्याच्या आत घरातल्या २३० व्होल्टचा पुरवठा आहे आणि त्यातले जुने फिल्टर कपॅसिटर धूर काढतात, त्यामुळे नवशिक्याने त्याच्यापासून सुरुवात करू नये. स्पेक्ट्रमच्या बोर्डावर मात्र व्होल्टेज साधारण १२ च्या आसपासच राहते.

पथारीवाल्याला मी नंतर दुरुस्त झालेल्या यंत्राचे छायाचित्र दाखवले. असा काळा कीबोर्ड पुन्हा आला तर बाजूला काढून ठेवीन, असे तो म्हणाला आहे, आणि मी त्याला वायफायचा अ‍ॅडॉप्टर लावून पाहू नका, असे बजावून आलो आहे.