विकेटवर आठ महिने: सांगलीच्या हळद दुकानातला अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानासाठी मी पट्टी (शेतकऱ्याला दिला जाणारा विक्रीचा हिशोब), हमाली-तोलाई आणि शेतकऱ्यांच्या उचलीचा हिशोब ठेवणारं वेब सॉफ्टवेअर लिहिलं. साधनं: अपाची विकेट १० (जावामध्ये वेब पानं लिहिण्याची चौकट), जावा १७ आणि ते चालवणारा टॉमकॅट १०.१ सर्व्हर. लिहिणारा मी एकटाच. राजापुरी हळदीचा आख्खा हंगाम त्यावर गेला, म्हणून आता बोलायला हरकत नाही.

पहिल्याच आठवड्यात दिवाणजींचा फोन आला, "अहो, मगाशी भरलेली पट्टी गेली कुठं? सेव्ह दाबलं तर पान कोरं झालं." एरर काहीच नाही. मी क्रोमची कॅशे साफ करायला लावली, दुसरा ब्राउझर टाकून दिला, दोन दिवस त्यातच घालवले. मग दुकानात जाऊन बसलो, तेव्हा उलगडलं. दिवाणजी अर्धी पट्टी भरत, सौद्याची हाळी आली की उठून जात आणि तासाभराने परत येऊन सेव्ह दाबत. टॉमकॅटचं सेशन, म्हणजे सर्व्हरने एका वापरकर्त्यासाठी धरून ठेवलेली जागा, काही हालचाल नसेल तर मूळ सेटिंगप्रमाणे ३० मिनिटांत संपतं. विकेटमध्ये पान म्हणजे सर्व्हरवर जिवंत ठेवलेली जावा वस्तू. सेशन गेलं की तीही जाते. पानाला स्वतःचा पत्ता असेल तर विकेट "मुदत संपली" असं न सांगता तेच पान नव्याने बनवून देतं, आणि दाबलेलं सेव्ह सोडून देतं. म्हणून कोरं पान.

पेज सेटिंगमध्ये हे नव्याने बनवणं बंद करता येतं. ते केल्यावर निदान मुदत संपल्याचं पान दिसू लागलं. पण दिवाणजींना हवी होती भरलेली पट्टी, त्यामुळे खरा उपाय वेगळाच केला. सेशन जिवंत राहावं म्हणून पानावर दर १० मिनिटांनी सर्व्हरला हाक मारणारा एजॅक्स (पान पुन्हा न उघडता सर्व्हरशी बोलणारा) टायमर बसवला आणि प्रत्येक पोत्याचं वजन रकान्यातून बाहेर पडताच कच्च्या नोंदीत जाऊ लागलं. संगणक स्लीपमध्ये गेला की टायमर थांबतो, तिथे कच्ची नोंदच कामी येते.

दुसरी अडचण मला जास्त शिकवून गेली. मालकांच्या लॅपटॉपवर पट्टी उघडली की एकूण रकमेच्या जागी 'एनएएन' (ही संख्या नाही) दिसायचं. दिवाणजींच्या संगणकावर तेच पान, तीच पट्टी, सगळं बरोबर. दोन्हीकडे क्रोम, आवृत्तीही एकच. नीट पाहिलं तर लॅपटॉपवर वजनाचे आकडे मराठीत उमटत होते. मालकांनी क्रोमची भाषा मराठी ठेवली होती. ब्राउझर प्रत्येक विनंतीबरोबर आपली भाषा कळवतो आणि विकेट त्यावरून सेशनचं लोकेल, म्हणजे भाषा आणि अंक-तारखा लिहिण्याची पद्धत, ठरवतं. जावा ९ पासून लोकेलची माहिती सीएलडीआरमधून (जगभरच्या भाषांच्या अशा पद्धतींचा सामाईक साठा) येते आणि तिथे मराठीचे मूळ अंक देवनागरी आहेत. साध्या टेक्स्टफील्डमध्ये १२५ मराठीत आलं, आणि बेरीज करणाऱ्या माझ्या जावास्क्रिप्टला देवनागरी अंक कळत नाहीत. मराठी माणसाने मराठी भाषा निवडली म्हणून हिशोब बिघडावा, याचं मला खरंच वाईट वाटलं. आता संख्यांचा कन्व्हर्टर (संख्येचा मजकूर करणारा भाग) इंग्रजी लोकेलला बांधलाय, लेबलं मराठीतच आहेत, आणि बेरीज सर्व्हरवर होते. तुमचे ग्राहक मराठी असतील तर सॉफ्टवेअर देण्याआधी एकदा ब्राउझरची भाषा मराठी करून बघाच.

मराठीचंच आणखी थोडं. विंडोजवर जावा १७ मध्ये एचटीएमएल टेम्पलेटमधली मराठी अक्षरं कचरा होऊन दिसली, कारण विकेट हा मार्कअप (एचटीएमएल मजकूर) वाचताना मशीनचं मूळ एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, धरतं. ॲप्लिकेशनच्या इनिटमध्ये (सुरू होताना चालणारा कोड) मार्कअपचं एन्कोडिंग यूटीएफ-८ केलं की काम झालं. लेबलांचा मजकूर ठेवणाऱ्या साध्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये मराठी लिहू नका. फाइलचं नाव 'डॉट यूटीएफ८ डॉट प्रॉपर्टीज' असं संपवलं की विकेट ती नीट वाचतं.

बाकी अडचणी एकेका दिवसाच्या. एजॅक्सने पोत्यांची यादी ताजी करायला गेलो तर विकेटने सरळ सांगितलं, रिपीटर (यादीच्या ओळी बनवणारा घटक) थेट बदलता येत नाही, त्याच्या बाहेरचा कंटेनर द्या. इतकं स्पष्ट सांगणारे एरर मी फार कमी ठिकाणी पाहिलेत. जुन्या प्रकल्पातून उचललेलं छापण्याचं बटण मुकं झालं, कारण विकेटच्या आवृत्ती ९ पासून सीएसपी (पानावर कोणता कोड चालावा हे ब्राउझरला सांगणारी सुरक्षा नियमावली) मुळातच चालू असते आणि टॅगमध्ये लिहिलेला ऑनक्लिक (दाबल्यावर चालणारा कोड) ब्राउझर चालवत नाही. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (एरर दाखवणारी खिडकी) लाल ओळीत ते लिहिलेलं होतं, मी कन्सोलच उघडला नव्हता. सीएसपी बंद करायचा मोह झाला, केली नाही. पैशाचा हिशोब आहे.

महिन्याचा उतारा काढताना मात्र सगळं अडून बसायचं. एका सेशनमधलं एक पान विकेट एका वेळी एकाच विनंतीला देतं. उतारा बनायला वेळ लागला आणि दिवाणजींनी वैतागून पुन्हा दाबलं की दुसरी विनंती एक मिनिट थांबते आणि मग पान लॉक करता आलं नाही म्हणून एरर देते. हा नियम चांगलाच आहे, त्यामुळे एकाच पट्टीवर दोन क्लिक भांडत नाहीत. उतारा पानातून काढून स्वतंत्र रिसोर्स (पानाशी न बांधलेली, थेट उतरवता येणारी फाइल) म्हणून वेगळ्या पत्त्यावर ठेवला, आणि दाबल्यावर बटण बंद होईल असं केलं.

आवडलेल्या गोष्टींत पहिली म्हणजे एचटीएमएल एचटीएमएलच राहतं. विश्रामबागेतला माझा डिझायनर मित्र जावा न बसवता पट्टीची फाइल सरळ ब्राउझरमध्ये उघडतो आणि दुरुस्त करून पाठवतो. बॅक बटणही धडपणे चालतं, कारण पानाच्या जुन्या आवृत्त्या सर्व्हरवर जपलेल्या असतात. हजारो लोक एकाच वेळी येणार असतील तर ही सगळी पानं साठवण्याचा भार आधी मोजा. आमच्या दुकानात एका वेळी सहा जण असतात, त्यांना काही जाणवत नाही. पुढच्या हंगामाआधी बेदाण्याच्या पट्ट्याही यावरच घेतोय.