पारसिकच्या टेकडीवरच्या रोपांना युरिया की शेणखत?

जून जवळ आला की झाडं लावणाऱ्यांच्या ग्रुपवर हा वाद हमखास पेटतो, एक जण म्हणतो मूठभर युरिया टाका फटाफट वाढतील, दुसरा म्हणतो शेणखताशिवाय काही घालूच नका. बेलापूरला पारसिकच्या टेकडीवर किंवा ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी रोपं लावणार असाल तर माझं मत आधीच सांगते, टेकडीवर शेणखत, आणि युरिया फक्त कुंडीत, तोही चिमूटभर.

नुसत्या नत्राचा, म्हणजे नायट्रोजनचा, हिशोब केला तर युरियाच पुढे. त्यात ४६ टक्के नत्र आणि शेणखतात जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे एक किलो युरियाएवढं नत्र द्यायला ९० किलोच्या आसपास शेणखत लागतं, आणि ती पोती चढावर वाहून न्यायला माणसं लागतात. घाईत असलेला माणूस युरियाकडे वळतो ते मला कळतं.

पण खरा फरक मातीच्या आत पडतो. जिवाणू आणि बुरशी एन्झाइम, म्हणजे पदार्थ तोडणारी प्रथिनं, सोडतात म्हणून तर पालापाचोळा कुजतो. युरिया पडला की आधी युरिएज नावाचं एन्झाइम त्याचा अमोनिया करतं, ओल्या मातीवर वरवर टाकलात तर तो नाकाला झोंबतो, म्हणजे तेवढं नत्र हवेत गेलं. उरलेल्याचं जिवाणू नायट्रेट करतात, त्यात माती आंबट होत जाते, आणि आपल्याकडच्या जुलैच्या पावसात ते नायट्रेट उतारावर टिकणार कसं?

आता नत्र वाढलं की सगळीच एन्झाइम मंदावतात असं नाही हं. सेल्युलोज तोडणारी बरेचदा जोरात चालतात, स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मोकळं करणारं फॉस्फटेजही वाढतं कारण नत्र भरपूर झालं की स्फुरदाची चणचण भासते. फटका बसतो तो फिनॉल ऑक्सिडेजला, लिग्निन म्हणजे पानाकाडीतला चिवट भाग तोडण्याचं काम त्याचं, आणि ते मुख्यतः बुरशीकडून येतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९८८ पासून पाइनच्या लागवडीला दरवर्षी हेक्टरी ५० आणि १५० किलो नत्र देऊन बघितलं, तर मातीतली बुरशी घटली, फिनॉल ऑक्सिडेज घटलं आणि जास्त डोसच्या भागात पुढे बरीच पाइनची झाडंच मेली. १५० किलो ऐकायला खूप वाटतं पण युरियात मोजलं तर चौरस मीटरला वर्षाला ३३ ग्रॅम, छोटी मूठ! आपण एका रोपाच्या बुडाशी एका वेळी तेवढा सहज टाकतो. तिकडची थंड माती आणि पाइन वेगळे, आकडे इथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, तरी मला ही मूठ जड वाटते.

शेणखत हळू चालतं, पहिल्या पावसाळ्यात फार फरक दिसणार नाही हे मान्य. पण त्यात नत्रासोबत कार्बन येतो, बुरशीला खाणं मिळतं, माती ओल धरते, आणि मार्च-एप्रिलमध्ये टेकडी तापते तेव्हा हीच ओल रोपाला वाचवते. जुन्या झाडाखालचा पाला उचलून बघा, खाली बुरशीचे पांढरे धागे दिसले तर तिथे युरिया टाकू नका, कामगार आधीच हजर आहेत.

झाड कुठलं तेही बघा. करंज, खैर, शिरीष या शेंगांच्या झाडांच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतलं नत्र देतात, आणि युरिया मिळाला की गाठी कमी धरतात. सुरूचंही तसंच, फक्त त्याचे जिवाणू वेगळे. बहावा मात्र शेंगेचा असूनही गाठी धरत नाही, त्याला खड्ड्यात शेणखत जरा जास्त घाला.

गॅलरीतल्या कुंडीत खालची जुनी पानं एकसारखी पिवळी पडत असतील, तर चिमूटभर युरिया पाण्यात विरघळवून संध्याकाळी द्या, खोडापासून लांब, आणि पुन्हा द्यायच्या आधी नवीन पान कसं येतंय ते बघा.