अंगठ्याशेजारच्या बोटाच्या सांध्याची शस्त्रक्रिया : नऊ महिन्यांनंतर

चवड्याखाली मोज्याची घडी पडली आहे असे वाटून मी कित्येकदा बूट काढून पाहिला आणि प्रत्येक वेळी मोजा सरळच निघाला. दुखणे अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी होते, हे नीट उमगायला जवळजवळ वर्ष गेले. त्या सांध्याच्या तळाशी 'प्लांटर प्लेट' नावाची कूर्चेसारखी चिवट आणि जाड पट्टी असते. ती बोटाला जमिनीकडे धरून ठेवते आणि चालताना चवड्यावर येणारा भार झेलते. माझ्या पायात तीच फाटली होती.

सुरुवातीला निदान चुकले. बोटांमधली नस जाड झाल्याचा, म्हणजे मॉर्टन न्यूरोमाचा, संशय घेऊन मला स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्यात आले. न्यूरोमाचे दुखणे बहुधा तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मधल्या फटीत असते आणि त्यात बोटांना मुंग्या येतात. माझे दुखणे थेट सांध्याखाली होते आणि मुंग्या कधीच आल्या नव्हत्या. इंजेक्शनने काही आठवडे बरे वाटले, मात्र पुढे बोट वर उचलले जाऊन अंगठ्याकडे झुकू लागले. असे इंजेक्शन आधीच कमजोर झालेल्या पट्टीला आणखी दुबळे करू शकते, हे मला नंतर समजले. माझ्या बाबतीत तसेच झाले असे ठामपणे म्हणता येणार नाही, पण पुन्हा वेळ आली तर मी ते घेणार नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी एका हाताने चवड्याचे हाड धरून दुसऱ्या हाताने बोटाचे मूळ सरळ वर उचलले, तेव्हा ते सांध्यातून सरकलेले मला डोळ्यांनी दिसले. त्यानंतर त्यांनी कागदाची एक अरुंद पट्टी बोटाखाली ठेवून ती दाबून धरायला सांगितली आणि हलकेच ओढली. दुखऱ्या पायाखालून ती अलगद निघून आली. चांगल्या पायाखाली मात्र ती फाटली. एमआरआयने पुढे पट्टी फाटल्याचे निश्चित केले.

तीन महिने बोट खाली ओढून चिकटपट्टीने बांधले आणि कडक तळव्याचे बूट वापरले. दुखणे कमी झाले, बोटाचे सरकणे मात्र थांबले नाही, म्हणून शस्त्रक्रियेला होकार दिला.

फाटलेली पट्टी तळव्याच्या बाजूला असूनही छेद पायाच्या वरच्या बाजूने घेतला, याचे मला प्रथम नवल वाटले. तळव्यावरचा व्रण पुढे टोचू शकतो, हे त्यामागचे एक कारण. वरून तिथवर पोहोचण्यासाठी चवड्याचे हाड तिरपे कापून थोडे मागे सरकवले जाते, ज्याला वेल ऑस्टिओटॉमी म्हणतात. अंगठ्याकडून दुसरे असलेले हे हाड पुष्कळांच्या पायात शेजारच्या हाडांपेक्षा लांब असते आणि त्यामुळे त्याच्यावर जास्त भार येतो; ते काही मिलिमीटर आखूड झाल्याने तो भारही हलका होतो. मग पट्टीत टाके घेऊन त्यांचे दोरे बोटाच्या पहिल्या हाडात पाडलेल्या बारीक छिद्रांतून वर आणून बांधतात आणि कापलेले हाड छोट्या स्क्रूने पक्के करतात. मला फक्त घोट्यापाशी भूल दिली होती आणि त्याच संध्याकाळी मी घरी आलो.

सहा आठवडे केवळ टाचेवर भार देणारा खास बूट वापरावा लागला. त्याने एक पाय उंच झाला आणि दुसऱ्या आठवड्यात कंबर पायापेक्षा जास्त दुखू लागली. दुसऱ्या पायात जाड तळव्याचा बूट घातल्यावर ती तक्रार मिटली. ही साधी गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर बरे झाले असते. टाके दोन आठवड्यांनी निघाले. सूज मात्र चिवट निघाली : पाचव्या महिन्यापर्यंत दिवसभराच्या उभे राहण्यानंतर बोट फुगत असे आणि सकाळी सैल असलेला बूट संध्याकाळी रुतत असे.

माझी खरी चूक व्यायामात झाली. बोट हाताने खाली वाकवण्याचा व्यायाम दिवसातून अनेकदा करायला सांगितला होता, परंतु नव्या टाक्यांना धक्का लागेल या भीतीने मी तो पहिले काही आठवडे अर्धवटच केला. या शस्त्रक्रियेनंतर बोट ताठ होऊन जमिनीपासून किंचित अधांतरी राहण्याचा धोका असतो, आणि तो मला कागदावर सही करण्यापूर्वीच समजावला होता. मी तो ऐकला होता, मनावर घेतला नव्हता. आज उभे राहिल्यावर माझे बोट नखाच्या जाडीइतके वर राहते आणि चवड्यावर उकिडवे बसताना ते पूर्वीइतके मागे वळत नाही.

तरीही ती घडी आता चवड्याखाली नाही. पाऊण तास सलग चालता येते, बोट सरळ आहे आणि रात्री दुखण्याने जाग येत नाही. ज्यांचे बोट अजून जागेवर आहे त्यांनी चिकटपट्टी आणि कडक तळव्याच्या बुटांना पुरेसा वेळ द्यावा. ज्यांचे बोट दर महिन्याला सरकत आहे त्यांनी माझ्याइतके थांबू नये, कारण बोट पूर्ण वळून शेजारच्यावर चढले की दुरुस्ती अधिक अवघड होते.

व्यायाम मी अजून करतो. गेल्या आठवड्यात घरीच कागदाची पट्टी बोटाखाली ठेवून ओढून पाहिली. ती फाटली नाही, पण निघताना दोनदा अडली.