किंगपिनच्या सहवासातले आठ महिने: विल्सन फिस्कच्या कथा क्रमाने वाचल्यानंतर

गेल्या आठ महिन्यांत मी मार्व्हल कॉमिक्समधील विल्सन फिस्क ऊर्फ किंगपिन या टोळीप्रमुखाच्या कथा प्रसिद्धीच्या क्रमाने वाचून काढल्या. १९६७ सालच्या त्याच्या पहिल्या अंकापासून सुरुवात केली आणि २०२२ मध्ये संपलेल्या ‘डेव्हिल्स रेन’ या मालिकेपाशी थांबले. निम्मे वाचन छापील संग्रहांतून झाले, उरलेले दहा इंची टॅबलेटवर. रोज रात्री एक किंवा दोन अंक, त्याहून अधिक नाही, असा नेम ठेवला होता आणि तो बहुतेक पाळला. एकेका गाजलेल्या कथेची परीक्षणे पुष्कळ सापडतात, परंतु हा सगळा पट सलग वाचल्यावर हाती काय लागते हे मराठीत कोणी लिहिलेले मला दिसले नाही, म्हणून हा अनुभव नोंदवते आहे.

मला जे सांगायचे आहे ते आधीच सांगते. किंगपिनचा इतिहास हा वरवर पाहता न्यूयॉर्कच्या गुन्हेगारी जगताच्या गादीचा इतिहास आहे, पण क्रमाने वाचला की तो एका संसाराचा इतिहास ठरतो. त्याची पत्नी व्हेनेसा ज्या कथांच्या केंद्रस्थानी किंवा निदान पार्श्वभूमीला आहे, त्या कथा आजही पकड घेतात. लेखक तिला विसरले की किंगपिन केवळ एक अवाढव्य देहाचा खलनायक उरतो, आणि तसे खलनायक कॉमिक्समध्ये पैशाला पासरी आहेत.

‘अमेझिंग स्पायडरमॅन’चा ५०वा अंक जुलै १९६७ चा आहे. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॉन रोमिटा. पीटर पार्कर आपला पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकून पाठमोरा चालू लागतो, ते चित्र ज्यांनी हा अंक पाहिलेला नाही त्यांनाही ठाऊक असते. याच अंकात किंगपिन प्रथम येतो, ही गोष्ट मात्र सहसा नजरेआड होते. मला हा योग फार अर्थपूर्ण वाटला, कारण स्पायडरमॅनने मैदान सोडल्याबरोबर शहरातल्या विखुरलेल्या टोळ्यांना एका छत्राखाली आणण्याची संधी या माणसाला दिसते. त्याच्याकडे कोणतीही अद्भुत शक्ती नाही. सहा फूट सात इंच उंची आणि ४५० पौंड, म्हणजे सुमारे २०४ किलो वजन, एवढेच त्याचे भांडवल. हे वजन चरबीचे नसून जवळजवळ सगळे स्नायूंचे आहे, हे तो प्रत्येक नव्या प्रतिस्पर्ध्याला प्रत्यक्ष सिद्ध करून दाखवतो. पांढरा कोट, तुळतुळीत डोके, गळ्याशी हिऱ्याची पिन आणि हातात किरण सोडणारी काठी, असे त्याचे पहिले रूप आहे. आज ती काठी आणि गुंगीचा वायू सोडणारी ती पिन दोन्ही पोरकट वाटतात. पुढच्या लेखकांनी त्या हळूहळू बाजूला ठेवल्या, हे योग्यच केले.

सुरुवातीच्या या अंकांबाबत नव्या वाचकाला सावध करणे मला आवश्यक वाटते. कॉमिक्ससाठी अमेरिकेत १९५४ पासून एक आचारसंहिता लागू होती. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असे चित्रण तिला मान्य नव्हते आणि शेवटी चांगल्याचा विजय झालाच पाहिजे असे तिचे बंधन होते. त्यामुळे टोळीप्रमुख असूनही किंगपिनच्या धंद्याचे, म्हणजे खंडणीचे, अमली पदार्थांचे, विकत घेतलेल्या पोलिसांचे दर्शन या पानांत जवळजवळ घडतच नाही. तो कधी नाइटक्लबच्या आडून लोकांची मने ताब्यात घेण्याचे यंत्र चालवतो, तर कधी एका प्राचीन शिलालेखाच्या मागे लागतो. या भागात माझे वाचन रेंगाळले, आणि मधले काही अंक मी केवळ चित्रांसाठी पाहिले हे कबूल करते.

आणि मग १९६९ मध्ये, ७०व्या अंकात, व्हेनेसा येते. पुढच्या वर्षी, ८३ ते ८५ या अंकांत, ‘स्कीमर’ नावाचा नवा प्रतिस्पर्धी किंगपिनच्या टोळीवर हल्ले करू लागतो आणि शेवटी चेहऱ्यावरचा मुखवटा काढतो, तेव्हा तो त्याचाच मुलगा रिचर्ड निघतो. वडिलांचा खरा व्यवसाय कळल्यावर स्वतःच्या मृत्यूची बातमी पसरू देऊन घर सोडलेला, आणि आता वडिलांवर सूड उगवायला परतलेला हा मुलगा आहे. ते ऐकून किंगपिन जागच्या जागी गोठून जातो. आतापर्यंत ठोशांनी जो माणूस हलला नव्हता, तो एका वाक्याने निकामी होतो. त्याच्या पुढच्या सगळ्या चांगल्या कथांचे बीज मला या प्रसंगात दिसले. आचारसंहितेने गुन्हेगाराबद्दल सहानुभूती नाकारली होती, पण एका बापाबद्दलची सहानुभूती कोणाला अडवता आली नाही.

१९७९ मधील १९७व्या अंकात व्हेनेसा त्याला निर्वाणीचा शब्द देते: मध्यरात्रीपर्यंत हा धंदा सोड, नाहीतर मी तुला सोडते. तो सोडतो. एरवी ही कथा इथे संपली असती आणि किंगपिन हा स्पायडरमॅनच्या अनेक जुन्या शत्रूंपैकी एक म्हणून विस्मरणात गेला असता.

तसे झाले नाही याचे श्रेय फ्रँक मिलर यांचे. मॅट मरडॉक या अंध वकिलाचे महानायकाचे रूप म्हणजे डेअरडेव्हिल; त्याच्या नावाच्या मालिकेची चित्रे ते १९७९ पासून काढत होते आणि १९८१ च्या आरंभी लेखनही त्यांच्याकडे आले. त्यांनी मे १९८१ च्या १७०व्या अंकात निवृत्त किंगपिनला जपानमधून बाहेर काढले. व्हेनेसाच्या आग्रहाखातर तो आपल्या जुन्या साथीदारांची कागदपत्रे सरकारच्या हवाली करायला तयार झालेला असतो. ते साथीदार व्हेनेसाचे अपहरण करतात आणि त्या गोंधळात एक इमारत तिच्यावर कोसळते. ती गेली असे समजून फिस्क पुन्हा गादीवर बसतो, आणि या वेळी त्याला अडवणारे कोणी उरलेले नसते. १७० ते १७२ हे तीन अंक मी एका रात्रीत वाचले. माझा नेम मोडला तो याच ठिकाणी.

मार्च १९८२ चा १८०वा अंक मला या संपूर्ण वाचनातला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिते. किंगपिनने पुढे केलेला रँडॉल्फ चेरी हा उमेदवार महापौरपदाच्या निवडणुकीत उतरलेला आहे. डेअरडेव्हिलला शहराच्या गटारांत राहणाऱ्या बेघर माणसांत व्हेनेसा जिवंत सापडते. स्मृती हरवलेली, केस विसकटलेले, अंगावर चिंध्या. तो तिच्या बोटातील लग्नाची अंगठी घेऊन किंगपिनसमोर उभा राहतो आणि सौदा करतो: चेरीने माघार घ्यायची, मग बायको परत मिळेल. माघार घेतली जाते. कायद्याच्या बाजूचा माणूस एका आजारी बाईच्या बदल्यात राजकीय सौदा करतो, आणि गुन्हेगार मात्र क्षणाचाही हिशेब न करता संपूर्ण शहर सोडून देतो. पहिल्यांदा वाचताना मला डेअरडेव्हिलचा विजय दिसला होता. दुसऱ्या वाचनात त्या अंगठीकडे पाहणारा किंगपिनच लक्षात राहिला.

यानंतरची ‘बॉर्न अगेन’ ही १९८६ सालची कथा, अंक २२७ ते २३३, बहुतेकांच्या यादीत पहिली असते आणि तिची कीर्ती सार्थ आहे. व्यसनाच्या आहारी गेलेली मॅटची जुनी प्रेयसी कॅरन पेज डेअरडेव्हिलचे खरे नाव एका डोसासाठी विकते. ते नाव हातोहात फिरत किंगपिनच्या टेबलावर येते आणि तो मॅट मरडॉकला मारण्याऐवजी त्याचे आयुष्य उसवायला घेतो. बँकेतील खाते गोठते, करखात्याची नोटीस येते, वकिलीची सनद जाते, शेवटी घर स्फोटात उद्ध्वस्त होते. एखाद्या कारकुनाने फाइल हातावेगळी करावी, त्या शांतपणे हे सगळे घडते. या कथेत गोळीपेक्षा कागद अधिक भीतिदायक आहे, आणि सरकारी कागदाने कधी घर हलताना पाहिले असेल त्या वाचकाला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

डेव्हिड मॅझुकेली यांची चित्रे मोठ्या पानावरच पाहावीत. पहिल्या चार भागांच्या आरंभीची पाने शेजारी ठेवून मी पाहिली: पहिल्यात मॅट स्वतःच्या अंथरुणात, दुसऱ्यात स्वस्त हॉटेलच्या खाटेवर, तिसऱ्यात गल्लीतल्या कचऱ्यात अंगाचे मुटकुळे करून पडलेला, आणि चौथ्यात धर्मगृहाच्या आश्रयाला. चारही वेळा आपण त्याच्याकडे वरून पाहतो. एकेक चौकट मोठी करून दाखवणाऱ्या पद्धतीत टॅबलेटवर वाचताना ही रचना मला दिसलीच नव्हती. छापील संग्रह हाती आल्यावरच ती उलगडली. किंगपिनने मॅटला ज्या टॅक्सीत घालून नदीत बुडवलेले असते, ती पुढे वर काढली जाते आणि तिच्यात प्रेत नसते. ज्या माणसाकडून आपण सगळे काढून घेतले त्याला आता घाबरवायला आपल्याकडे काहीच शिल्लक नाही, हे किंगपिनला तेव्हा उमगते.

त्याच वर्षी आलेले ‘लव्ह अँड वॉर’ हे चित्रकादंबरीच्या आकाराचे पुस्तक त्या मानाने कमी वाचले जाते, ते वाचावेच. बिल सिन्केविच यांनी रंगवलेला किंगपिन म्हणजे पानभर पसरलेले एक कापडी डोंगरासारखे आकारमान आहे, आणि त्याच्या वर एक इवलेसे डोके. व्हेनेसावर उपचार व्हावेत म्हणून तो एका डॉक्टरच्या बायकोचे अपहरण करवतो. तिला बरे करण्याचा त्याला माहीत असलेला मार्ग हाच आहे. अखेर व्हेनेसा त्याच्यापासून दूर युरोपात जाते.

नव्वदच्या दशकाचा उल्लेख थोडक्यात करते. डेअरडेव्हिलच्या २९७ ते ३०० या अंकांत किंगपिनचे साम्राज्य कोसळते. मरडॉकच्या बाबतीत त्याने जे केले, तेच पायरीपायरीने त्याच्यावर उलटवले जाते. रचना नेटकी आहे, तरी व्हेनेसा नसल्यामुळे त्या पतनात आतला धक्का नाही. १९९९ मध्ये आलेली माया लोपेझ ऊर्फ एको मात्र लक्षात राहते. किंगपिनने जिच्या वडिलांना मारले आणि तरी जिला वाढवले, ती बहिरी मुलगी सत्य कळल्यावर त्याच्यावर गोळी झाडते आणि तो आंधळा होतो. पुन्हा घर, पुन्हा अपत्य.

२००१ च्या अखेरीस ब्रायन मायकेल बेंडिस आणि ॲलेक्स मलीव्ह यांनी सुरू केलेला टप्पा मी सर्वांत सावकाश वाचला, कारण त्यातला काळ मागेपुढे उड्या घेतो आणि घाईने वाचले तर कोण कोणाआधी काय बोलले हे निसटते. सॅम्युएल सिल्के नावाचा नवखा गुंड आणि स्वतः रिचर्ड, टोळीतल्या इतरांसह, आंधळ्या किंगपिनला सीझरसारखे भोसकतात. त्यानंतर व्हेनेसा परत येते. कटातल्या माणसांचा ती एकामागून एक निकाल लावते, स्वतःच्या मुलाला स्वतःच्या हाताने गोळी घालते आणि नवऱ्याचे साम्राज्य विकून टाकते. १९७० मध्ये मुलाचा मुखवटा निघाल्यावर सुरू झालेली गोष्ट या गोळीशी येऊन मिळते. क्रमाने वाचल्याचा खरा मोबदला मला या ठिकाणी मिळाला. सुटा वाचला असता तर हा प्रसंग मला केवळ क्रूर वाटला असता. २००३ मधील ५०व्या अंकात (मालिकेचे क्रमांक मध्यंतरी पुन्हा एकपासून सुरू झाले होते) डेअरडेव्हिल परतलेल्या किंगपिनला बेदम मारून हेल्स किचन वस्तीचा प्रमुख म्हणून स्वतःचेच नाव जाहीर करतो, तेव्हा गादी ही व्यक्तीपेक्षा टिकाऊ आहे हेही स्पष्ट होते.

एड ब्रुबेकर यांच्या लेखनात व्हेनेसाचा मृत्यू होतो. पुढे स्पेनमध्ये फिस्कला मार्ता ही स्त्री आणि तिच्या मुलांचे घर मिळते, आणि २००९ मध्ये तेही त्याच्या डोळ्यांदेखत संपवले जाते. हा एकच अंक, ११६वा, डेअरडेव्हिलला जवळजवळ बाजूला ठेवून लिहिलेला आहे, आणि मी तो दोनदा वाचला. त्यानंतरच्या निन्जा टोळ्यांच्या कथा मी पुन्हा उघडणार नाही.

२०१७ मध्ये चार्ल्स सूल यांनी फिस्कला न्यूयॉर्कचा महापौर केले. ज्याने १९८२ मध्ये दुसऱ्याला उभे केले होते, तो पस्तीस वर्षांनी स्वतः निवडून येतो. चिप झडार्स्की यांच्या लेखनात त्या खुर्चीचा कंटाळा, श्रीमंतांच्या बैठकीत त्याला सोसावा लागणारा अपमान आणि मतदारांसमोरची सभ्यता फार बारकाईने येते. ‘डेव्हिल्स रेन’मध्ये आपल्याला डेअरडेव्हिलचे खरे नाव एकेकाळी ठाऊक होते आणि ते स्मृतीतून पुसले गेले आहे, हे त्याला कळते. आपल्या मनात कोणीतरी हात घातला या संतापाने तो शहरातले सगळे महानायक बेकायदा ठरवतो, आणि शेवटी मॅट समजून माइक मरडॉकला मारतो. हा माइक म्हणजे मॅटने १९६७ मध्ये ओळख लपवण्यासाठी रचलेला खोटा जुळा भाऊ, जो अलीकडच्या कथांत खरोखर अस्तित्वात आला होता.

मराठीत इंद्रजालमधून वेताळ आणि मँड्रेक वाचून वाढलेल्या माझ्या पिढीला खलनायक एका कथेपुरता येतो याची सवय होती. एकाच खलनायकाचे लग्न, अपत्य, निवृत्ती, विधुरपण आणि राजकारण पंचावन्न वर्षे पाहत राहणे हा माझ्यासाठी नवा अनुभव होता.

घेणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी. एका विक्रेत्याकडून मागवलेल्या जाड संग्रहाची शिवण तिसऱ्या महिन्यात सुटली आणि बदली प्रत मिळायला फार पाठपुरावा करावा लागला, तेव्हा जाड खंड हाती आल्याबरोबर मधोमध उघडून तपासावा. आणि सगळा पट वाचायला वेळ नसेल तर स्पायडरमॅनचे ८३ ते ८५, डेअरडेव्हिलचे १७० ते १७२, १८०, २२७ ते २३३, आणि मग बेंडिस यांचे २६ ते ३१, असा क्रम धरावा. १८० मात्र कोणत्याही परिस्थितीत २२७ च्या आधी वाचावा.