जूटचा टग: पटकन ‘बस’ शिकवायला खाऊपेक्षा सरस

दोन मुठींचा, साधारण ३० सेंटीमीटर लांबीचा जूटचा टग, म्हणजे कुत्र्याशी ओढाओढी खेळायचं खेळणं. ज्या कुत्र्याला ओढाओढी आवडते, त्याच्यासाठी याहून चांगलं बक्षीस नाही. पण वापर चुकला तर पैसे वाया.

टग पाठीमागे धरा. ‘बस’ एकदाच म्हणा. ढुंगण जमिनीला टेकताक्षणी ‘यस’ म्हणा (बरोबर केलंस, ही खूण), आणि मगच टग पुढे. आधी दाखवलात तर ती लाच होते. कुत्रा टग दिसल्याशिवाय बसत नाही. ‘बस, बस, बस’ केलंत तर तो तिसऱ्या शब्दाची वाट बघायला शिकतो. ५ ते १० सेकंद आडवं ओढा. वर-खाली झटके मानेला वाईट. मग हात अंगाशी घट्ट धरून टग निर्जीव करा, म्हणजे अजिबात हलवू नका; कुत्र्याने सोडला की लगेच पुन्हा ‘बस’. चार-पाच फेऱ्या पुरे, त्याला अजून हवंसं असतानाच आवरा. दात बदलणाऱ्या पिल्लाशी फार हळू.

एक उणीव: गोव्याच्या पावसात जूटला बुरशी धरते, म्हणून वापरून झाल्यावर पंख्याखाली वाळवा. मिरामार किनाऱ्याच्या वाळूत खेळवलात तर पुन्हा वापरण्याआधी टग नीट झटका, अडकलेली रेती दात झिजवते. घरात मात्र पडू देऊ नका. सतत समोर असलेल्या टगची ओढ उरत नाही.